मी आशियाई

पुण्याहून सुटीला सोनाळ्याला घरी आलेली पुष्पांजली ओसरीत मोबाइल उभा करून ऑनलाइन वाचनकट्ट्याला बसली होती. जो तो आपली ओळख अन् वाचनाची आवड सांगत होता. तिची पाळी आली तशी ती घसा खाकरून ऐटीत म्हणाली, “मी स्वतःला आधी आशियाई म्हणवते. वाचते मात्र आफ्रिकन कथा. तिथले लेखक आपल्या गावाची बोली किती अभिमानानं मिरवतात!”

पडद्यावरच्या माना डोलल्या. तेवढ्यात आतून तिचे वडील उकंडराव कपबशी घेऊन आले.

“पुष्पा, च्या घे वं माय. केव्हाची बोलून राह्यली, घसा कोरडा पडला असन.”

मोबाइलमधून कुणीतरी फिसकन हसलं. “कोण गं हे?”

पुष्पांजलीचे कान तापले. “हे होय? आमच्या शेतावर कामाला असतात.”

उकंडराव जागीच थबकले. मग कपबशी तिच्यापुढं ठेवून आत गेले.

कट्टा संपला तोवर चहावर साय धरली होती. तो कप तसाच घेऊन ती खालमानेनं स्वयंपाकघरात गेली. तिला पाहताच उकंडराव उठून उभे राहिले.



“थंड झाला असेल, मॅडम. दुसरा करून आणू का?”