विंगेतलं वाक्य

भिकनची दातखीळ बसली. तीही ऐन प्रयोगात, कामगार नाट्यस्पर्धेत, पहिल्या रांगेत परीक्षक पेनं सरसावून बसलेले असताना.

अंगाला चंदेरी रंग फासलेला, छातीवर पुठ्ठ्याची पेटी, पेटीत लुकलुकणारे दिवे. सातपूरच्या हौशी मंडळींचा यंत्रमानव आणखी कसा असणार! समोर ताट घेऊन लताबाई. एरवी कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, नाटकात मात्र म्हातारी आई, मेलेल्या मुलासाठी रोज ताट वाढणारी. तो येणार नाही हे माहीत असताना ताट कशाला, असं यंत्रमानव तिला विचारतो. म्हातारी म्हणते, "दुपारी जेवला नाही रे तो. भूक लागली असेल."

तालमीत ताट रिकामं असायचं. आज लताबाईंनी हौसेनं खराखुरा वरणभात आणला होता, वरून तूप सोडलेला. वास विंगेपर्यंत आला, आणि तिथे प्रॉम्प्टिंगला बसलेल्या छायाच्या काळजात धस्स झालं. सनीला रोज हेच लागायचं.

"कारण सापडल्याशिवाय मला थांबता येत नाही," तिनं विंगेतून नवऱ्याला पुढचं वाक्य दिलं.

भिकन ढिम्म. नजर ताटावर.

सनी त्यांचा एकुलता एक. चार महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि एका रात्रीत पोर हातचं गेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणला असता तरी वाचला असता असं नाही, कधीकधी आम्हालाही कळत नाही. पण 'कळत नाही' हे भिकनला पटावं कसं? तो कंपनीत क्वालिटीला. एखादा पार्ट खराब निघाला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तरात चूक सापडतेच, अशी तिथली रीत. तीच त्यानं घरी आणली. दवाखान्यात उशिरा का नेलं? ताप संध्याकाळी कळला म्हणून. संध्याकाळी का? दुपारी अंगाला हात लावून पाहिला नाही म्हणून. का नाही पाहिला? तो न जेवता झोपला, तेव्हा खेळून दमला असेल असं छायाला वाटलं म्हणून. कुठूनही सुरुवात करा, शेवटी छायाच उभी.

तो रडला नाही, तिच्यावर ओरडलाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं हो! "एकदा म्हणा, तुझी चूक नव्हती," ती हातापाया पडली. "मग कुणाची होती?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच हवं होतं उत्तर.

तेराव्यानंतर तो सरळ तालमीला गेला. दिग्दर्शक दीपक सर तर खूश, म्हणाले, काय भूमिकेत शिरलाय गडी! छायानं प्रॉम्प्टिंग मागून घेतलं, कारण विंगेतून तरी तो तिचं ऐकायचा. पण आता तिचंही बळ सरलं होतं. पायाशी कपड्यांची बॅग होती. पडदा पडला की वणीला माहेरी जायचं, ते कायमचं.

"कारण सापडल्याशिवाय मला थांबता येत नाही," तिनं पुन्हा वाक्य दिलं.

प्रेक्षकांत कुणीतरी खाकरलं. दीपक सर धावत विंगेत आले. "लाल लाईट द्या रे! बंद पाडा त्याला, शेवट तसाही तोच आहे."

नाटकातल्या यंत्रमानवाचं एक बरं असतं. कळेनासं झालं की दिवे लाल होतात, धूर निघतो, सुटला बिचारा. माणसाला मेली ती सोय नाही. दुसऱ्या दिवशी उठून डबा भरावा लागतो.

"थांबा सर," छाया म्हणाली. तिनं संहिता खाली ठेवली, विंगेच्या अगदी कडेला गेली आणि स्वतःचंच वाक्य दिलं, "कारण सापडत नाही. चूक कुणाचीच नाही."

दीपक सरांनी कपाळाला हात लावला.

भिकनची मान किंचित वळली. विंगेतून आलेली ओळ उचलायची, एवढी सवय तालमींनी लावलीच होती. पत्र्यासारख्या आवाजात तो म्हणाला, "कारण सापडत नाही. चूक... कुणाचीच नाही."

चार महिने ज्यासाठी जीव टाकला ते वाक्य आलं, आणि छायाला कसंतरीच झालं. चोरून मिळवलेलं होतं ते. यंत्राला जे सांगाल ते यंत्र बोलतं. तिनं डोळे पुसले आणि बॅगेचा बंद हातात घेतला.

रंगमंचावर लताबाईंची त्रेधा उडाली होती. असलं काही पाठ नव्हतं त्यांना. पण कँटीनमध्ये जन्म गेलेली बाई, तोंडाला आलं ते बोलली. "मग बस बाबा. दोन घास खा."

भिकन बसला. गुडघे वाकवताना छातीवरची पेटी फाटली, एक दिवा लोंबकळला. त्यानं भात कालवला, घास केला. तोंडापर्यंत नेलेला हात मध्येच थांबला. गालावरचा चंदेरी रंग ओघळून हनुवटीवर आला. मग तो विंगेकडे वळला आणि घास धरलेला हात त्यानं अंधाराकडे पुढे केला.

हे संहितेत नव्हतं, आणि छायानंही सांगितलेलं नव्हतं.

प्रेक्षकांना वाटलं, मेलेल्या मुलाला भरवतोय. टाळ्या पडल्या, परीक्षकांची पेनं चालू झाली. हात तसाच होता. तूप मनगटावरून खाली ठिबकत होतं.

प्रॉम्प्टरनं रंगमंचावर पाय ठेवायचा नसतो. छायानं बॅग पायानं बाजूला सारली.