सातवं मत

"सर, काकूंना आत नेलंय आणि तुम्ही मत द्यायला निघालात?" अनीशने वाट अडवली.

कोलकात्यात सॉल्ट लेकच्या त्या हॉस्पिटलात श्यामराव इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री काखेत मारून खरंच निघाले होते. आत हेमाकाकूंच्या हृदयाची शस्त्रक्रिया, आणि म्हातारबुवांना ओढ विद्यापीठाची!

"मतं सातच आहेत रे. मला जायलाच हवं."

दावा धरावा तरी किती माणसाने! अनीशच्या अंगाची लाहीलाही झाली. परदेशी संसदांच्या अभ्यासकेंद्रात तो कितीतरी वर्षं कंत्राटावर राबत होता. आज समितीपुढे त्याला कायम करण्याचा ठराव होता. पडला, तर महिनाअखेर चंबूगबाळं आवरून कोलकाता सोडायचं. त्याच्या बाजूला तीन मतं, विरोधात केंद्रातली सहकारी अमृता आणि तिच्याकडचे दोघं, म्हणजे तीन. सातवं श्यामरावांचं. ते कुठे जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. त्याला शिकवलं त्यांनीच, पण चारचौघांत कान उपटायचे, "अजून कच्चा आहे" म्हणायचे. अमृताची मात्र तोंड भरून स्तुती.

अनीशने आवाजात साखर घोळवली.

"सर, आपण पेअरिंग करू. ब्रिटिश संसदेत करतात तसं. तुम्ही इथे थांबा, तुमच्या समोरच्या बाजूचाही एक जण आत जाणार नाही. फिट्टंफाट."

श्यामराव थबकले. "ते तयार होतील?"

"माझ्यावर सोडा."

"शब्द?"

"शब्द, सर."

म्हातारा मटकन बाकावर बसला. डोळे भरून आले. "बरं सुचलं तुला. हिला टाकून जाणं जिवावर आलं होतं."

टॅक्सीत बसताच अनीशने आपल्या बाजूच्या ऋषभला फोन लावला. शब्दाप्रमाणे त्याला घरी बसवायचं होतं ना?

"वेळेवर ये," अनीश म्हणाला, "आणि हात चांगला उंच कर."

म्हातारा बाहेर, म्हणजे तीन-तीन. बरोबरी झाली की अध्यक्ष म्हणून डीन मत देणार, आणि डीन तर आपलेच, रोजचा चहा एकत्र. कसं गुंडाळलं थेरड्याला! त्याला हसू आवरेना.

सभा लांबली. ठरावाची पाळी येईतो संध्याकाळ झाली. अनीशला मत नव्हतं, तो भिंतीकडेला बसून हात मोजत होता. बाजूने तीन. विरोधात तीन.

डीननी चष्मा पुसला. "बरोबरी झाली की अध्यक्षाने नवं काही घडवायचं नाही, आहे तसं राहू द्यायचं. ब्रिटिश संसदेची रीतच आहे. अनीशबाबू, तुमच्याच व्याख्यानात शिकलो हे. माझं मत विरोधात."

झालं! सगळी मेहनत पाण्यात. अनीश कसाबसा व्हरांड्यात आला, तोच श्यामरावांचा फोन.

"हिला शुद्ध आली रे! डोळे उघडल्या उघडल्या तुझंच विचारतेय. झालास ना कायम?"

"नाही, सर. तीन-तीन. ठराव पडला."

म्हातारा फोनवरच हिशेब मांडू लागला.

"तीन-तीन कसे? मी नव्हतो म्हणून तुझे चाराचे तीन झाले, मग त्यांचे तिनाचे दोन नकोत का व्हायला? अनीश, अमृताकडच्या कोणी मोडला रे शब्द?"