कोठ्यातली लाल गाडी

इंजिन छान लयीत चालू होतं आणि तेवढ्यात फोन वाजला. आज लेकीने, दामिनीने, अर्धा तास आधीच लावला होता.

सत्यभामाबाईंनी घाईघाईने चावी बंद केली आणि बोनेटखाली हात घातला. कॉइलच्या जाड वायरीवर रबराची टोपी होती. त्या टोपीखाली वायर अर्धं बोट वर ओढून ठेवली, की वरवर सगळं जागच्या जागी दिसे, पण गाडी काही केल्या सुरू होत नसे. नऊ दिवस हे काम बिनचूक चाललं होतं. आज घाईत बोट सायलेन्सरच्या पाइपाला चिकटलं. त्यांनी ते तोंडात धरलं. फोन वाजतच होता.

ही दोन सीटची, छप्पर उघडणारी जुनी गाडी त्यांच्या नवऱ्याने, ईश्वरभाऊंनी, नागपूरहून ट्रकवर घालून कारध्याला आणली होती. अख्खं गाव पाहायला आलं होतं. बापलेक मिळून ती नवी करणार होते. ईश्वरभाऊ अचानक गेले, आणि लेक पुण्याकडे गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागली. गाडी राहिली कोठ्यात, बैलांच्या जागी, ताडपत्रीखाली. शेजारची पुष्पाबाई येता-जाता टोमणा मारी, "काहो काकू, बरं हाय तुमचं! ह्या बैलाले कुटार लागत नाही."

तेव्हा दामिनीचा फोन पंधरा दिवसांतून एकदा येई. जेवली का, गोळी घेतली का, की संपला. मग उन्हाळ्यात एकदा ती सहज म्हणाली, "आई, कार्बोरेटर उघडून पाहतेस का? मी सांगत जाते तसं कर."

सत्यभामाबाईंनी जन्मात पाना धरला नव्हता. पण त्या दिवसापासून फोन रोज यायला लागला. देवापाशी दिवा लावला की फोन. पेट्रोलमध्ये बुडवून बारीक भोकं साफ करायची, घासलेले प्लग उजेडात धरून दाखवायचे, कुरियरने आलेलं लहान स्टेअरिंग बसवायचं. सीट फारच खाली होत्या, तर त्यांनी स्वतः मशीनवर जाड गाद्या शिवून त्या चार बोटं उंच केल्या. नट पिळता पिळता दामिनी कँटीनमधल्या पाणीदार वरणाला नावं ठेवी, कधी मधूनच हसत सुटे. तास कसा जाई, कळत नसे.

फक्त एक वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. "सुरू झाली की सांग. दोन दिवसांची सुट्टी काढते अन् गाडी घेऊन जाते."

नऊ दिवसांपूर्वी सकाळची पूजा आटोपून त्यांनी चावी फिरवली, आणि गाडी सुरू झाली. रिकामं घर त्या आवाजाने भरून गेलं. त्यांनी हात जोडले. मग कोठ्यात नजर फिरली. गाडी गेल्यावर तिथे काय उरेल, ते त्यांना लख्ख दिसलं.

पण सांगायचं काय? दर चातुर्मासात त्या काहीतरी सोडत. एका वर्षी वांगं, एका वर्षी चहा. यंदा त्यांनी खोटं बोलणं सोडलं होतं. नेम सोपाच वाटला होता. एकटीच्या घरात खोटं बोलायचं तरी कोणाशी?

म्हणून ती वायर. तो आवाज ऐकायला रोज गाडी सुरू करायची आणि फोनच्या आधी वायर वर ओढून ठेवायची. वायर वर ओढली की 'सुरू होत नाही' हे वाक्य खरं होई. बॅटरी पाहा, पेट्रोल पाहा, प्लग पुन्हा काढ. दामिनी रोज नवं काही सांगे. वायरीचं मात्र चुकूनही विचारत नसे. देवा, तूच तिला ते सुचू देत नाहीस, असं म्हणत सत्यभामाबाई रोज दिव्यापुढे डोकं टेकत.

"किती वेळ लावला उचलायले!" फोनवर दामिनीचा चेहरा दिसला. "दाखव, फिरव चावी."

त्यांनी फिरवली. घुर्र, घुर्र, घुर्र.

"नाही होऊन राहिली," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"असू दे. उद्या प्लग पाहू पुन्हा. अन् बोट काहून असं धरलं?"

"भाजलं."

"गॅसवर?"

हो म्हटलं की झालं असतं. सत्यभामाबाईंच्या ओठांपर्यंत आलंही. त्यांनी डोळे मिटले.

"नाही. सायलेन्सरच्या पाइपाले लागलं."

बंद गाडीचा पाइप भाजत नाही, हे त्यांना दामिनीनेच शिकवलं होतं.

"चालू होते गाडी, बेटा," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस झाले. मीच वायर ओढून ठेवतो. तू नेशील आता. ने. तुझ्या बाबाची आहे."

दामिनीने फोन समोर टेकवून ठेवला. तिच्या मागे खोलीची कोरी भिंत होती, भिंतीला टेकून एकच खुर्ची, आणि खुर्चीवर झाकलेलं एकच ताट.

"दुसऱ्याच दिवशी तू इंजिनचा फोटो धाडला होता न," ती म्हणाली. "त्यातच दिसली होती मले टोपी जराशी उचललेली, वायर ओढलेली."

"मंग इतके दिवस बोलली काहून नाही?"

"तुले नेम आहे न, आई. विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतं."