गार तुती

परसातल्या तुतीची काळीभोर फळं भालचंद्ररावांनी अलगद धुतली, पंच्यावर टिपली आणि ताटात एकेक सुटी मांडून फ्रीजरमध्ये ठेवली. चहापलीकडे त्यांनी स्वयंपाकघरात कधी काही केलं नव्हतं.

आतल्या खोलीत त्यांची बायको निर्मला पडून होती. किमोनं तिचं तोंड सोलून निघालं होतं. कालपासून घोटभर दूधही घशाखाली उतरलं नव्हतं.

"गार, गोड काही देऊन बघा," डॉक्टर म्हणाले होते. "नाहीच जमलं, तर उद्या नाकातून नळी घालू."

त्या नळीच्या धास्तीनं भालचंद्रराव फ्रीजर सारखा उघडून बघत होते. अखेर संध्याकाळी फळं कडक झाली. त्यांनी एक तुती तिच्या जिभेवर ठेवली. निर्मलानं डोळे घट्ट मिटले. कडांमधून पाणी ओघळलं.

"झोंबतंय का गं? टाकून दे." त्यांनी घाईनं हात पुढे केला.

तिनं नकारार्थी मान हलवली. बराच वेळ तुती तोंडात घोळवून ती हळूच गिळली. मग जिभेवरचं काहीतरी चिमटीत धरून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"अहो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "देठ काढायचे असतात."

आणि तिनं पुन्हा तोंड उघडलं.