बाकावरची बैठक

"'सगळं छान आहे,' एवढंच म्हणायचं हं!" बालगृहाच्या अधीक्षकांनी सातव्यांदा बजावलं. दहा वर्षांच्या तानूने मान डोलावली, पण तिचं वेगळंच ठरलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीला सोमवारी दुसऱ्या गावच्या बालगृहात हलवणार होते, आणि आज पाहणीला येणाऱ्या नगरपालिकेच्या बालकल्याण समितीच्या सभापतीबाईंना तानू ते सांगणारच होती. अडचण एवढीच, की समितीची पाहणी अकरा मिनिटांत उरकायची: गुच्छ, फोटो, गाडी.

पाहणीच्या दिवशी सगळीकडे नवा रंग द्यायचा, हा तिथला रिवाज. बाई फोटोसाठी बाकावर टेकल्या त्या उठेचनात.

"अहो, हा रंग ओला आहे!"

"खास आपल्यासाठी सकाळीच दिलाय, मॅडम," अधीक्षक नम्रपणे म्हणाले.

फाटकाशी पत्रकार उभे होते आणि घरून दुसरी साडी यायला पाऊण तास होता. तानू उडी मारून पुढे झाली आणि एका दमात सगळं बोलून गेली.

"बहिणी-बहिणींची ताटातूट? कुठल्या शहाण्याचा हा नियम?" बाई कडाडल्या.

"सहा वर्षांखालच्यांना वेगळं ठेवायचा ठराव गेल्या वर्षी झाला, मॅडम. सही आपलीच आहे."

बाईंनी तो ठराव मागवला आणि स्वतः सही केलेला कागद आयुष्यात पहिल्यांदा वाचला. मग गाडीत जाऊन बसलेल्या सदस्यांना हाका मारून बसल्या जागी बैठक भरवली आणि ठराव रद्द करण्याचा प्रस्ताव मताला टाकला.

शेवटच्या सदस्याचा हात वर जाण्याआधीच तानू धाकटीला हाका मारत जिना चढत होती.