भेगेवरची काच

काच शाबूत होती. जानरावांनी चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा पाहिलं. भिंतीतली भेग आढ्यापासून थेट जमिनीपर्यंत उतरलेली, आणि तिच्यावर आडवी, दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवलेली दोन बोटं रुंदीची काचेची पट्टी. भेग केसभर जरी सरकली असती तरी काच तडकली असती. दिवाळी झाल्यावर त्यांनीच ती इथे लावली होती, वर काळ्या रंगानं तारीख टाकून सही केली होती. आता होळी होऊन गेली, तरी काच जशीच्या तशी.

नगरपालिकेकडून पडकी, धोक्याची घरं तपासण्याचं काम जानराव बावीस वर्षं करत होते. या कामात माणसाला चांगली बातमी सांगायची पाळी क्वचितच येते. मनकर्णाबाईंच्या घराची ही भिंत गल्लीकडची, आणि भिंतीखालीच सार्वजनिक नळ. काच तुटली तर घर रिकामं करावं लागेल, हे त्यांनी बाईंना पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. ती वेळ टळली म्हणून त्यांना मनापासून बरं वाटलं.

मनकर्णाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. आत दोघांना धड उभं राहायला जागा नव्हती. अर्धी खोली कापसानं भरली होती, पार आढ्यापर्यंत. बीटी बियाण्यानं बोंडं भरपूर दिली, भाव काही दिला नाही. म्हणून नांदुऱ्याच्या या गल्लीत घरोघरी कापूस आत आणि माणसं बाहेर ओसरीवर, कापसातल्या किड्यांनी अंग खाजवत बसलेली. बाईंचा मुलगा गजेंद्र सुरतेला कामाला होता. भाव चढला की येतो न् कापूस विकतो, असं सांगून गेला होता. भावही चढला नाही आणि तोही आला नाही.

जानरावांनी वही उघडली. ‘भेग स्थिर’ एवढं लिहिलं की काम झालं. तारीख नीट पाहून घ्यावी म्हणून ते काचेशी वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

सही वाचता येत होती.

जानरावांची सही म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा. त्यांच्या बायकोलाही ती कधी लागली नव्हती. इथे मात्र काना सरळ, ‘व’ गोल गरगरीत, आणि प्रत्येक अक्षराला एका बाजूनं बारीक सावली दिलेली. अशी सावली देणारा हात गावात एकच होता, बसस्टँडजवळच्या सकलैन पेंटरचा. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, फोटोंना चौकटी करायचा आणि काचही कापून द्यायचा. बिचाऱ्यानं खोटी सहीसुद्धा मन लावून केली होती.

जानराव सरळ झाले. देव्हाऱ्याशेजारी बाईंच्या नवऱ्याचा, किसनरावांचा फोटो होता. हार होता, चौकट होती, काच नव्हती. किसनरावांच्या टोपीवर, मिशांवर कापसाचे बारीक तंतू बसले होते. फोटोखालच्या फळीवर आणखी दोन पट्ट्या ठेवलेल्या दिसल्या. त्यांच्यावरही सही तयार होती.

“फोटोच्या काचीतून किती पट्ट्या निंघाल्या, काकू?”

मनकर्णाबाईंनी तांब्या खाली ठेवला. खोटं करायला त्या शिकल्या असतील, बोलायला शिकल्या नव्हत्या.

“सहा.”

दोन फळीवर, एक भिंतीवर. म्हणजे तीन तुटल्या. जानरावांची स्वतःची धरून चार. चार महिन्यांत भेग चारदा सरकली होती, आणि बाई दर वेळी नवी काच लावून तिच्याचजवळ अंथरूण घालत होत्या.

मग बाईंनी सगळं सांगितलं. पहिली काच तुटली तेव्हा घरात दुसरी नव्हती, म्हणून फोटोचीच काढून सकलैनकडून कापून घेतली. सकलैन सही करायला तयार नव्हता, त्याच्या आईकडून त्याला सांगायला लावलं. सिमेंट शेजारच्या बांधकामावरून ओंजळभर मागून आणलं. सांगताना त्यांनी एकदाही डोळ्याला पदर लावला नाही.

“कापूस निंघेलोक राहू द्या, साहेब,” त्या शेवटी म्हणाल्या. “मंग मी सोताच जातो.”

“कापूसच भिंतीले बाहीर लोटून राह्यला,” जानराव म्हणाले. “खाली नळ हाये. आन तुमी इथंच निजता.”

बाहेर नळावर कुणीतरी हंडा टेकवला. नंबरावरून दोन बायकांची बोलाचाली सुरू झाली. 

जानरावांना राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसतं वाईट वाटलं. त्यांनी नोटीस लिहिली. आजच गल्लीतून लाकडी बल्ल्यांचा टेका लागेल, नळ बंद राहील, बाईंनी आजपासून इथे निजायचं नाही, आणि तीन दिवसांत घर रिकामं. तीन दिवसांत म्हणजे कापूस आहे त्या भावात जाणार, हे दोघांनाही कळत होतं.  जानरावांनी खाली सही केली, ती नेहमीसारखीच उकिरडा झाली.

बाईंनी कागदाची घडी केली आणि ती देव्हाऱ्यात ठेवली. मग फळीवरच्या दोन्ही पट्ट्या उचलल्या, पदरानं पुसल्या आणि जानरावांच्या वहीवर ठेवल्या.

“ह्या घिऊन जा, साहेब. सही करेलच हाये. भेगा काय माह्या एकटीच्याच भिंतीले हायेत?”