काच खाली कर

“ताई, बाबांच्या गाडीला भोक पाडलंस तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही!” धाकटा भाऊ दातओठ खात म्हणाला. सोकोरोनं ड्रिल खाली ठेवलं नाही. ॲरिझोनाच्या रणरणत्या उन्हात आई याच पिकअपमधून केमोला जायची, डोक्यावर ओला टॉवेल धरून. “एसी बसवून घ्या ना,” ती विनवायची; बाबा म्हणायचे, “काच खाली कर.” ते शब्द सोकोरोला वीस वर्षं सलत होते. बाबा गेले, गाडी तिच्याकडे आली. आज ती एसी बसवणारच होती. नळ्या आत घ्यायला तिनं इंजिनामागच्या पत्र्यावरचं जुनं अस्तर ओरबाडलं. खाली पेन्सिलीनं आखलेली दोन वर्तुळं होती आणि बाबांचं किरटं अक्षर: ‘एसी. शनिवार, नऊ जुलै. हिला सांगायचं नाही.’ आई त्याच वर्षी सात जुलैला वारली होती. तिनं ड्रिल खाली ठेवलं. भावानं ते वाचून वर्तुळांवर बॅटरीचा उजेड धरला, “तिथंच पाड.”